आईचा पहिला पासपोर्ट आणि उझबेकिस्तान

"उझबेकिस्तानला टूर कंपनीशिवाय जाता येतं का?" असं हल्ली ओळखीपाळखीतले बरेच जण विचारतात. पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला, "आणि आईने तिकडे खाल्लं काय?" दोन्हींची उत्तरं फोनवर बऱ्याच वेळा देऊन झाली, म्हणून एकदाच सविस्तर लिहून काढते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मी आणि आई, अशा दोघीच जाऊन आलो. आई ६८ वर्षांची. अंडंसुद्धा खात नाही, रक्तदाबाची गोळी रोजची, गुडघे थंडीत दुखतात. त्या वर्षाच्या जूनपर्यंत तिच्याकडे पासपोर्टही नव्हता.

देश तिनेच निवडला. मी थायलंड, श्रीलंका अशी सोपी नावं पुढे करत होते. ती म्हणाली, "मले ताश्कंद दाखव." तिच्या वयाच्या लोकांना यामागचं कारण सांगावं लागणार नाही. १९६५ च्या युद्धानंतर सोव्हिएत संघाच्या मध्यस्थीने ताश्कंदला बोलणी झाली, १० जानेवारी १९६६ ला लालबहादूर शास्त्री आणि पाकिस्तानचे अध्यक्ष अयुब खान यांनी करारावर सह्या केल्या, आणि त्याच रात्री, ११ तारीख लागल्यावर, शास्त्रीजी तिथेच वारले. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणही त्यांच्यासोबत तिथे होते. आई तेव्हा अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यात चौथीत होती. त्या दिवशी शाळेला सुट्टी दिली, आणि मोठी माणसं रेडिओभोवती उभी होती, एवढं तिला आठवतं. परदेशातल्या गावाचं तिने ऐकलेलं पहिलं नाव ताश्कंद.

तर पासपोर्ट. आपल्याकडच्या त्या पिढीतल्या बायकांच्या कागदपत्रांचा एक ठरावीक घोळ असतो: शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर त्याच नावाचं तिसरंच स्पेलिंग. आम्ही आधी पॅनवरचं एक जास्तीचं अक्षर काढून घेतलं, आणि मगच अर्ज भरला. आईच्या वयाच्या माणसांना जन्मदाखलाच हवा असं नाही, पॅनवरची जन्मतारीख चालते. लग्नाचा दाखलाही २०१६ च्या अखेरीस नियम बदलल्यापासून सक्तीचा नाही. त्यामुळे तंतोतंत जुळणारी दोन कार्डं घेतली, शाळेचा दाखला घरीच ठेवला. जास्त कागद नेले की जास्त प्रश्न येतात, असं माझं मत.

३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, पहिल्या पासपोर्टला साठीच्या वरच्यांना दहा टक्के सूट, म्हणजे १,३५०. २० जूनची वेळ मिळाली. खिडकीवर सगळ्यात जास्त वेळ बोटांच्या ठशांना लागला. आयुष्यभर कापूस वेचलेल्या, भांडी घासलेल्या बोटांवर रेषा राहतात कुठे? कर्मचारी मुलगी मात्र गुणी होती. तिने आईला हात पुसायला ओला रुमाल दिला, एकेक बोट धरून दाबून घेतलं. घरून निघायच्या दोन दिवस आधीपासून आईच्या हातांना तेल-क्रीम काहीतरी लावत जा, हे मला तिनेच सांगितलं, आणि व्हिसाला ठसे लागणाऱ्या देशांसाठीही ते उपयोगी आहे. मग पोलीस पडताळणी, दोन शेजाऱ्यांची नावं, आणि जुलैच्या मध्यावर स्पीड पोस्टाने पासपोर्ट हातात. पन्नाशीच्या वरच्यांना एमिग्रेशन तपासणीचा (नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांसाठीचा) ईसीआर शेरा लागत नाही, तेवढं शेवटच्या पानावर बघून घ्या.

व्हिसाची मला सगळ्यात जास्त धास्ती होती, आणि तेच सगळ्यात सोपं निघालं. जुन्या प्रवासवर्णनांत वाचलं होतं की तिथल्या कुणाचं तरी निमंत्रणपत्र लागतं, मग दूतावासाच्या खेपा. ते दिवस गेले. २०१८ पासून भारतीयांना ऑनलाइन ई-व्हिसा मिळतो. ३० दिवसांपर्यंत राहता येणारा, एकदाच प्रवेशाचा व्हिसा २० डॉलरला, म्हणजे तेव्हाचे सतराशे रुपयांच्या आत-बाहेर. पासपोर्टच्या पहिल्या पानाचा स्कॅन आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो, बस. बँकेची कागदपत्रं मागत नाहीत. मात्र व्हिसा मिळाल्या दिवसापासून ९० दिवसच वैध असतो. "सगळं आधीच उरकून टाकू" या आपल्या स्वभावाला इथे आवर घालावा लागतो. आम्ही ९ सप्टेंबरला, सोमवारी अर्ज भरला, आणि गुरुवारी दोघींचे व्हिसे ईमेलवर आले.

अर्ज भरताना ईमेलवर आलेल्या दुव्यावर जाऊन मगच पैसे भरता येतात, त्यामुळे आईवडिलांचा अर्ज भरत असाल तर स्वतःचाच ईमेल द्या. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करून ठेवा. सर्चमध्ये सरकारी साइटच्या वर दलालांच्या जाहिराती येतात, दिसायला तशाच, आणि त्याच व्हिसाचे तिप्पट-चौपट पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी "गव्ह डॉट यूझेड" असेल तरच पुढे जा. आणि "गिव्हन नेम"च्या रकान्यात पासपोर्टवर जे आहे ते सगळं भरा, नवऱ्याच्या नावासकट. पुढे विमान, रेल्वे, हॉटेल सगळीकडे हीच अक्षरं जुळवून पाहतात.

रेल्वे तिकिटांना मात्र घाई लागते. ताश्कंद ते समरकंद जाणारी अफ्रोसियोब ही स्पेनमध्ये बनलेली वेगवान गाडी २०११ पासून धावतेय. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या जरासं आत, वेळ सव्वादोन तासांच्या आसपास. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा पर्यटकांचा हंगाम, त्यात या गाडीची तिकिटं खुली झाल्यावर भराभर संपतात. मी सप्टेंबरभर रोज सकाळी चहाबरोबर रेल्वेची साइट उघडून बघायचे. तिकिटं दिसली त्या दिवशी माझं एक कार्ड चाललं नाही, दुसरं चाललं. दोन कार्डं जवळ ठेवा. अफ्रोसियोब नाहीच मिळाली तर शर्क नावाची साधी गाडी असते, तास-दीड तास जास्त घेते, पण बसायला चांगली आहे.

औषधांबद्दल जरा थांबून सांगते. उझबेकिस्तानचे अमली पदार्थांचे नियम कडक आहेत, आणि आपल्याकडे सहज मिळणारी काही औषधं त्यात येतात: कोडीन असलेली खोकल्याची औषधं, ट्रॅमाडॉलच्या वेदनाशामक गोळ्या, काही झोपेच्या गोळ्या. आईच्या गुडघ्यासाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांत ट्रॅमाडॉल होतं. डॉक्टरांना सांगून दुसरं काही लिहून घेतलं, आणि सगळ्या गोळ्या मूळ पाकिटात, इंग्रजी प्रिस्क्रिप्शनसह हाताशी ठेवल्या. घरगुती डब्यांत सुट्या गोळ्या भरून नेण्याची आपली सवय तिथे नको.

पैसे डॉलरमध्ये नेले, कोऱ्या करकरीत नोटा. चुरगळलेली किंवा पेनाने खूण केलेली नोट घ्यायला तिथे कुरकुर करतात. रुपये कुणी बदलून देत नाही, आपलं यूपीआयही चालत नाही. पूर्वी बाजारात एक दर आणि बँकेत दुसरा असायचा, पण सप्टेंबर २०१७ मध्ये सरकारने चलन मोकळं केलं, तेव्हापासून बँकेतच सरळ दर मिळतो. आम्ही गेलो तेव्हा एका डॉलरला पावणेतेरा हजार सोमच्या आसपास मिळत होते. शंभर डॉलर दिले की पावणेतेरा लाखांची गड्डी हातात यायची. आईने ती दोनदा मोजली आणि म्हणाली, "आपल्या घरात कधी एवढे लाख आले नाही व." हिशेबाची तेव्हाची युक्ती एकच: सोमला दीडशेने भागलं की रुपये यायचे.

दसरा १२ ऑक्टोबरला झाला, आणि १४ ला, सोमवारी, आम्ही दिल्लीहून ताश्कंदच्या विमानात बसलो. तीन तासांच्या आसपास प्रवास. पुण्याहून शिलाँगला जायलाही याहून जास्त वेळ लागेल. घड्याळ अर्धा तास मागे. इमिग्रेशनच्या खिडकीत आईला एकटीला उभं राहावं लागलं, आणि मी शेजारच्या रांगेतून मान लांब करून बघत होते. अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहिला, व्हिसाचा छापील कागद पाहिला, तिच्याकडे पाहिलं, शिक्का मारला. एक शब्द नाही. ती बाहेर येऊन म्हणते, "एवढंच?" सहा महिन्यांच्या तयारीनंतर तिला निदान दोन-चार प्रश्नांची अपेक्षा होती.

विमानतळावरच सिमकार्ड घेतलं, पासपोर्ट दाखवून. बाहेर टॅक्सीवाले घेराव घालतात. त्यांना नम्रपणे नकार देऊन फोनवरच्या यांडेक्स अॅपने गाडी बोलवा, भाव आधीच दिसतो. पूर्ण प्रवासात आम्ही हेच वापरलं.

आता नोंदणीची चिठ्ठी. सोव्हिएत काळाचा हा उरलेला वारसा. परदेशी माणूस कुठे झोपला याची नोंद सरकारकडे व्हायला लागते. हॉटेलवाले ती संगणकावर आपोआप करतात आणि निघताना छापील कागदाचा तुकडा देतात. दिला नाही तर मागून घ्या. कुणाच्या घरी राहणार असाल तर नोंदणी घरमालकाने केली का, हे पहिल्याच दिवशी विचारा. रात्रीच्या गाडीत झोपलात तर तिकीट जपून ठेवा. आईने या सगळ्या चिठ्ठ्यांसाठी आपली रेशनकार्डाची प्लॅस्टिकची पिशवी आणली होती, आणि ते खातं शेवटपर्यंत तिच्याकडेच राहिलं. हॉटेलच्या बिलात पर्यटक कर वेगळा येतो, दर माणशी दर रात्री. बुकिंगच्या साइटवर तो बऱ्याचदा दिसत नाही, तेव्हा निघताना वाद घालू नका.

ताश्कंद पाहून आई जरा हिरमुसली. तिला जुनं शहर अपेक्षित होतं. २६ एप्रिल १९६६ ला, म्हणजे शास्त्रीजी गेले त्याच वर्षी, इथे मोठा भूकंप झाला आणि जुन्या वस्तीचा फार मोठा भाग पडला. मग सोव्हिएत संघाच्या सगळ्या प्रजासत्ताकांतून कामगार आले आणि रुंद रस्ते, झाडी, चौकोनी इमारती असं नवं शहर उभं राहिलं. तिच्या डोक्यातलं ताश्कंद तिने नाव ऐकल्यानंतर तीन-साडेतीन महिन्यांतच गेलेलं होतं. मेट्रोने मात्र भरपाई केली. १९७७ ला सुरू झालेली, मध्य आशियातली पहिली. तिकीट तेव्हा आपले पंधरा रुपयेही नव्हतं. २०१८ पर्यंत स्टेशनांचे फोटो काढायला बंदी होती, आता कुणी अडवत नाही. कोस्मोनाव्तलार स्टेशनच्या निळ्या भिंतींवर गागारिन आणि तेरेश्कोवा या अंतराळवीरांची चित्रं आहेत, आणि त्यांच्याच पंगतीत पंधराव्या शतकातला खगोलज्ञ उलुग बेग. पाख्ताकोर स्टेशनवर कापसाच्या बोंडांचं मोझेक आहे. पाख्ता म्हणजे कापूस. आई तिथे भिंतीला हात लावून उभी राहिली, दोन गाड्या सोडल्या.

शास्त्रीजींच्या नावाचा रस्ता ताश्कंदमध्ये आहे, आणि त्यांचा अर्धपुतळाही. आम्ही आधी फुलं घ्यायला थांबलो. आईने पाच कार्नेशन उचलली. फुलवाल्या बाईने फोनवरून भाषांतर करून विचारलं, कशासाठी? मी पुतळ्याचा फोटो दाखवल्यावर तिने एक फूल काढून घेतलं. जिवंत माणसाला विषम, मेलेल्याला सम, अशी तिकडे रशियन रीत. आपल्याकडे शुभकार्याला अकरा, एकवीस, एकशे एक, तसंच, हे आईला लगेच कळलं. चार फुलं ठेवली. अयुब खान आणि सोव्हिएत पंतप्रधान कोसिजिन यांनी शास्त्रीजींच्या शवपेटीला खांदा दिला होता, हे मी तिला तिथे सांगितलं. ते तिला माहीत नव्हतं. "पाकिस्तानवाल्यानं?" तिने परत विचारलं.

१६ ला सकाळी समरकंदची गाडी. स्टेशनाच्या दारातच पासपोर्ट आणि तिकीट बघतात, सामान यंत्रातून जातं, त्यामुळे पाऊण तास आधी पोचा. ताश्कंद सोडलं आणि थोड्या वेळाने दोन्ही बाजूंना कापूस सुरू झाला. ऑक्टोबर म्हणजे वेचणीचे दिवस. काही शेतांत यंत्रं, काही शेतांत डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका. आई खिडकीला चिकटली. "पऱ्हाटी पाय कितीक बुटकी हाय. अन् बोंडं पाय!" मग तिला पाटाचं पाणी दिसलं. आमच्याकडचा कापूस बहुतेक कोरडवाहू, पावसावर. इथे पाऊस नाहीच, सगळं कालव्यांवर. सोव्हिएत काळात अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्यांचं पाणी वळवून या कोरड्या माळावर कापूस उभा केला गेला. त्या नद्या ज्या अरल समुद्राला जायच्या तो १९६० च्या दशकापासून आटत आटत जवळजवळ संपला. हे मी तिला सांगितलं तर ती काही बोलली नाही, पण तासाभराने तिने विचारलं, "मंग तिथल्या मासोळ्या धरणाऱ्यांचं काय झालं?"

समोरच्या सीटवर समरकंदला निघालेली एक शिक्षिका होती. आईचं बोट सारखं कापसाकडे जातंय बघून ती फोनवर बोलून भाषांतर दाखवायला लागली. कॉलेजात असताना दर हिवाळ्याच्या तोंडावर अभ्यास बंद आणि कित्येक आठवडे वेचणी, शिक्षकसुद्धा. ही सक्ती स्वतंत्र उझबेकिस्तानातही बरीच वर्षं चालली. जगभरातल्या कंपन्यांनी उझबेक कापसावर बहिष्कार टाकला होता, तो मार्च २०२२ मध्ये, सरकारी सक्ती थांबल्याचं दिसल्यावर, उठला. आईने तिला विचारायला लावलं, दिवसाला किती किलो वेचायची? मग दोघींनी किलोंची तुलना केली, हातवाऱ्यांनी, आणि बोटांना बोंडाची टोकं कशी बोचतात ते एकमेकींना दाखवलं. त्यात मी आणि माझा फोन दोघंही अनावश्यक होतो. उतरताना बाईंनी एक नान कागदात गुंडाळून आईच्या पिशवीत घातला. तो पिशवीत पालथा ठेवायचा नाही, असंही बजावलं. भाकरीचा मान तिकडे मोठा.

समरकंदबद्दल फोटोंत सगळं येतं, मी थोडकंच लिहिते. रेगिस्तान चौकातले तीन मदरसे एका काळातले नाहीत: उलुग बेगचा १४२० चा, दुसरे दोन सतराव्या शतकातले. योगायोगाने त्या रात्री कोजागिरी होती. हॉटेलच्या किटलीत दूध तापवून, पुण्याहून नेलेला मसाला घालून, थर्मास घेऊन आम्ही चौकासमोरच्या पायऱ्यांवर बसलो. थंडी बरीच होती. ऑक्टोबरच्या मध्यात दिवसा वीस-बावीस अंश असलं तरी रात्री स्वेटर आणि कानटोपी हवीच.

पण आईचं खरं भांडण झालं ते तैमूरशी. ताश्कंदच्या मुख्य चौकात घोड्यावर बसलेला त्याचा पुतळा आहे. त्याच जागी आधी झारचा सेनापती काउफमान होता, मग स्टालिन, मग कार्ल मार्क्स, आणि स्वातंत्र्यानंतर १९९३ पासून अमीर तैमूर. १९९१ ला नवा देश झाला, त्याला स्वतःचा नायक हवा होता, हे समजतं. आपल्यासाठी मात्र तो १३९८ ला दिल्ली लुटून कत्तल करणारा तैमूरलंग. समरकंदची बीबी खानुम मशीद त्याने हिंदुस्थानच्या स्वारीहून परतल्यावर १३९९ ला बांधायला काढली, आणि दगड वाहायला इथून नेलेले हत्ती वापरले. प्रचंड इमारत आहे, मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. आई बाहेरच्या बाकावर बसली. "आपल्याकडच्या हत्तींनं ओढलेले दगड मी काऊन पाहू?" मी एकटीच आत फिरून आले. गुर-ए-अमीरमध्ये त्याच्या थडग्यापाशी मात्र आली, गर्द हिरव्या जेडच्या शिळेकडे पाहिलं आणि म्हणाली, केवढासा दगड. मला तिचं पटतं आणि नाहीही. पण तिथे जाणाऱ्या मराठी माणसाने हा पेच मनात धरूनच जावं, गाइड तुमच्यासाठी तो सोडवणार नाही.

उलुग बेगची वेधशाळा तिला आवडली. तैमूरचा हा नातू राज्यापेक्षा आकाशात रमणारा. हजाराहून जास्त ताऱ्यांची त्याची सारणी शतकानुशतकं वापरली गेली, जंतरमंतर बांधणाऱ्या सवाई जयसिंगानेही तिचा आधार घेतला. १४४९ ला मुलाच्याच हुकमावरून त्याचा खून झाला. वेधशाळा जमिनीखाली गडप झाली ती १९०८ ला सापडली, आणि आज खडकात कोरलेली वर्तुळकंसाची खालची बाजू तेवढी दिसते.

आता दुसरा प्रश्न, खाण्याचा. मटण-चिकन खाणाऱ्यांची तिथे चंगळ आहे. कट्टर शाकाहारी माणसाची कसोटी आहे, हे गोड बोलून लपवण्यात अर्थ नाही. पुलावातलं मांस बाजूला केलं तरी तो शिजतो मेंढीच्या चरबीत किंवा सरकीच्या तेलात मांसासोबतच. भाज्यांच्या सूपमध्ये हाडांचं पाणी असतं, आणि वेटर ते शाकाहारीच समजतो. "बेज म्यासा", म्हणजे मांसाशिवाय, हे रशियन शब्द उपयोगी पडतात, पण पाठोपाठ "सूपसुद्धा मांसाच्या पाण्यातलं नको" असं भाषांतर करून दाखवा. आईचं निभावलं ते नान, टोमॅटो-कांद्याची अचिचुक कोशिंबीर, दही, चक्क्यासारखं सुझमा, भोपळ्याचा समसा आणि फळांवर. भोपळ्याच्या समशातही कधी चरबीचा तुकडा घालतात, विचारून घ्या. ऑक्टोबरमध्ये बाजारात डाळिंबं, द्राक्षं आणि खरबुजं अशी असतात की जेवणाची आठवण राहत नाही. समरकंदच्या सियाब बाजारात एका बाईने आईला चाखायला एवढं दिलं की तिथेच पोट भरलं. शिवाय आमच्या बॅगेत मेतकूट, थालीपिठाची भाजणी, दशम्या, तिळाची चटणी आणि छोटा इलेक्ट्रिक कुकर होता. रात्रीचा मेतकूट-भात हॉटेलच्या खोलीत. ताश्कंदमध्ये भारतीय हॉटेलं आहेत, बाहेर मात्र त्या भरवशावर राहू नका. पाणी बाटलीतलंच.

पुढे बुखारा. स्टेशन शहरात नाही, कागान गावात आहे, जुन्या शहरापासून दहा-बारा किलोमीटर, एवढं लक्षात ठेवा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी बुखारा समरकंदपेक्षा बरं: सगळं सपाट, पायी फिरण्याजोगं, बसायला जागोजागी जागा. लाब-ई-हौज या तळ्याकाठी तुतीची जुनी झाडं आहेत, त्याखाली हिरवा चहा घेत आई दुपार काढायची आणि मी भटकायचे. ११२७ चा कल्याण मिनार मी सकाळ-संध्याकाळ पाहिला, तरी पुरेसा वाटला नाही. समरकंदच्या शाह-ए-झिंदा या जुन्या थडग्यांच्या जागेला मात्र उंच पायऱ्यांचा जिना आहे, आई अर्ध्यावर बसली होती. खीवा आम्ही गाळलं. बुखाऱ्याहून किझिलकुम वाळवंटातून सहा-सात तासांचा रस्ता, तिच्या पायांना झेपला नसता. तरुण असाल तर गाळू नका, तटबंदीच्या आतलं अख्खं गाव आहे, आणि परत यायला उर्गेंचहून विमान मिळतं.

२२ ऑक्टोबरला परत निघालो. बुखाऱ्यात आईने भरतकामाचं सुझानीचं कापड घेतलं होतं. नवं असेल तर अडचण नाही, पण पन्नास वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर न्यायला परवानगी लागते, त्यामुळे दुकानदाराकडून पावती घ्या. विमानतळावर आईने आपली प्लॅस्टिकची पिशवी काढून नोंदणीच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून ठेवल्या होत्या. अधिकाऱ्याने मागितल्या नाहीत. तिने तरीही त्या खिडकीत सरकवल्या. त्याने एकेक पाहिली, हसला, आणि परत दिल्या.

खर्च: पुणे ते ताश्कंद विमानाचे जाऊन-येऊन माणशी एक्केचाळीस हजारांच्या आसपास, हॉटेलची दोघींची खोली रात्रीला चाळीस डॉलरपर्यंत, रेल्वेची सगळी तिकिटं माणशी साठेक डॉलर. पासपोर्ट, व्हिसे, विमा, खाणं, फळं, प्रवेश तिकिटं धरून दोघींचे मिळून दीड लाखाच्या थोडे वर गेले. सुझानीचे पैसे आईने तिच्या पेन्शनमधून दिले आणि किती ते मला सांगितलं नाही.

आम्ही गेलो तो ऑक्टोबर उत्तम. एप्रिल-मेही चांगले म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. अकोल्याच्या माणसाला त्याचं काही वाटणार नाही, पण तेवढ्यासाठी विमानाचे पैसे कशाला घालवायचे.